पेटीतील दुर्बीण

मार्गशीर्ष संपत आलेला असतो. हिंगोली जिल्ह्यातील शिवारात कापसाची वेचणी सरत आलेली असते, तूर शेंगांनी वाकलेली असते आणि हळदीची हिरवी पाने पिवळी पडू लागलेली असतात. अशा दिवसांत अमावास्येच्या रात्री गावातील दिवे पाठीमागे टाकून बांधावर जाऊन उभे राहिले, म्हणजे आकाश किती मोठे आहे ते कळते. प्रथम थोडेच तारे दिसतात. परंतु वीस-पंचवीस मिनिटांनी डोळे अंधाराला सरावले, की रिकाम्या वाटणाऱ्या जागीही तारे उमटू लागतात.

रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र चांगलेच वर आलेले असते. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठळक तारे असतात आणि मधोमध एका ओळीत तीन तारे असतात. ह्या तिघांना खेडोपाडी तिकांडे म्हणतात. तिकांड्याच्या दक्षिणेस फिकट ताऱ्यांची आणखी एक लहानशी ओळ आहे. तिच्या मध्यावर नीट पाहिले, तर तेथील तारा इतरांसारखा टोकदार दिसत नाही. काचेवर फुंकर मारल्यावर दिवा जसा धूसर दिसतो, तसा तो दिसतो. तो एकटा तारा नव्हेच. तो वायू आणि धूळ ह्यांचा एक प्रचंड मेघ असून त्याच्या पोटात नवे तारे जन्माला येत असतात. त्याला मृगातील तेजोमेघ असे म्हणतात. तेथून निघालेला प्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास तेराशेहून अधिक वर्षे लागतात. आज रात्री जो प्रकाश हिंगोलीच्या शिवारात उतरतो, तो निघाला तेव्हा दक्षिणेत बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

एवढा मोठा मेघ माणसाच्या डोळ्याला मात्र केवळ एक पुसट ठिपका म्हणून दिसतो. ह्याचे कारण डोळ्याच्या घडणीत आहे. डोळा प्रकाश साठवून ठेवीत नाही. सेकंदाच्या एका लहानशा अंशात जेवढा प्रकाश आत येतो, तेवढ्याचेच चित्र तो मेंदूकडे पाठवितो आणि लगेच पुढचे चित्र घेऊ लागतो. म्हणून एखाद्या फिकट वस्तूकडे तासभर टक लावून पाहिले, तरी ती अधिक उजळ होत नाही.

छायाचित्रणाच्या काचेचा किंवा फिल्मचा स्वभाव ह्याच्या अगदी उलट आहे. तिच्यावर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. प्रकाशाचा कण त्यावर पडला, की तेथे सूक्ष्म बदल होतो आणि तो तसाच टिकून राहतो. पुढे येणारे कण त्यात भर घालीत जातात. उन्हाळ्यात झऱ्याचे पाणी थेंबाथेंबाने येत असले, तरी खाली ठेवलेली घागर सकाळपर्यंत भरते. तसेच हे आहे. डोळ्याची ओंजळ क्षणोक्षणी रिकामी होते, पण फिल्मची घागर भरत राहते. हेन्री ड्रेपर ह्या अमेरिकन संशोधकाने १८८० साली मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्याने सुमारे पन्नास मिनिटे प्रकाश साठविला होता.

ह्याच तेजोमेघाचा अभ्यास त्यानंतर लवकरच महाराष्ट्रातही झाला. कावसजी दादाभाई नायगामवाला ह्यांचा जन्म १८५७ साली झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तेथेच विज्ञान शिकवू लागले. प्रकाशाचे पृथक्करण करून सूर्य व तारे कशाचे बनले आहेत ते शोधून काढण्याचे शास्त्र त्या काळी नवे होते. नायगामवालांना त्याची ओढ लागली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांनी त्यासाठी १८८२ साली पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. पुढे नायगामवाला पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. आज अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेली पुण्याची जुनी संस्था ती हीच. तेथे १८८८ साली महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली.

ह्या वेधशाळेची मुख्य दुर्बीण आयर्लंडमधील डब्लिन शहरातल्या ग्रब ह्यांच्या कारखान्याची होती. ती वीस इंची दुर्बीण म्हणून ओळखली जाई. वीस इंच हे माप तिच्या आरशाच्या व्यासाचे. माणसाच्या बाहुलीचा व्यास अंधारात फार तर पाव इंचाच्या आसपास होतो. वीस इंच म्हणजे त्याच्या ऐंशी पट. आणि प्रकाश गोळा करण्याची शक्ती व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे ती सुमारे सहा हजार चारशे पट होते. त्यानंतर कित्येक वर्षे भारतात एवढी मोठी दुसरी दुर्बीण नव्हती.

त्या वेळी नॉर्मन लॉकयर ह्या विख्यात इंग्रज शास्त्रज्ञाचे असे मत होते, की तेजोमेघ हे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आहेत. हे मत खरे असेल, तर तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य रेषा एका बाजूला पुसट होत गेलेली दिसावयास हवी होती. नायगामवालांनी मृगातील तेजोमेघाचा प्रकाश पुण्यात बसून काळजीपूर्वक तपासला. त्यांना ती रेषा दोन्ही बाजूंनी स्पष्ट व बारीक दिसली. हा निष्कर्ष १८९१ साली प्रसिद्ध झाला. लॉकयर हे नायगामवालांना उत्तेजन देणाऱ्यांपैकीच एक होते. तरीसुद्धा वर्णपटात जे दिसले ते नायगामवालांनी जसेच्या तसे सांगितले. विज्ञानात आदर आणि सत्य ह्यांचा असा मेळ घालावा लागतो.

त्यानंतर २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. ते पाहण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे नायगामवालांनी आपला तळ ठोकला. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही जेऊरलाच आले होते. सूर्य पूर्णपणे झाकला जाण्याचा काळ सुमारे दोन मिनिटांचाच. तेवढ्या वेळात काचांवर प्रकाश घ्यावयाचा, काचा बदलावयाच्या आणि हात कापू द्यावयाचा नाही! महिनोन्‌महिने केलेली तयारी त्या दोन मिनिटांत कसाला लागली आणि सूर्याभोवतालच्या तेजाची व त्याच्या वर्णपटाची छायाचित्रे त्यांना मिळाली.

अशी ही वेधशाळा १९१२ साली नायगामवाला निवृत्त होताच बंद झाली. दुर्बीण मोडली नव्हती. आकाशही तेच होते. परंतु ती वेधशाळा एका माणसाच्या ध्यासावर चालली होती. तो माणूस बाजूला होताच तिचे दार मिटले. सर्व साहित्य दक्षिणेत कोडाईकनाल येथे पाठविण्यात आले. तेथील वेधशाळेचे मुख्य काम सूर्याचे वेध घेण्याचे होते. रात्रीच्या आकाशासाठी बनविलेली ही मोठी दुर्बीण तेथे वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिली. दोन महायुद्धे होऊन गेली, देश स्वतंत्र झाला, आणि मगच, १९५१ च्या सुमारास, ती पुन्हा उभी करण्यात आली. जवळजवळ चाळीस वर्षांनी तिच्या आरशावर ताऱ्यांचा प्रकाश पुन्हा पडला.

चाळीस वर्षे पडून राहिलेले यंत्र पुन्हा कसे चालू शकते, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर असे, की दुर्बिणीचे सर्व भाग सारख्याच वेगाने म्हातारे होत नाहीत. काचेला दिलेला आकार शेकडो वर्षे टिकतो. आरशावरील चकाकणारा मुलामा मात्र काळवंडतो. तो काढून नवा देता येतो. चाकांमधील वंगण घट्ट होते. ते पुसून नवे घालता येते. म्हणजे जे घडविण्यास सर्वांत कठीण असते, तेच सर्वांत अधिक टिकते; आणि जे लवकर बिघडते, ते बहुधा दुरुस्त करता येते.

हाच नियम घरातील लहान यंत्रांनाही लागू पडतो. अनेक घरांत माळ्यावर, ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी एखादा जुना फिल्मचा कॅमेरा पडलेला असतो. मोबाइलने छायाचित्रे निघू लागल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नसतो. तरीही तो आकाशाची छायाचित्रे घेण्यास अजून योग्य असू शकतो. मात्र त्याला जागे करताना उतावीळपणा चालत नाही.

प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कॅमेरा बाहेर काढावा आणि त्यातील बॅटरी पाहावी. जुन्या बॅटरीतून क्षार बाहेर येऊन पत्रे गंजलेले असतात. ती पांढरी पूड उघड्या हाताने पुसू नये. त्यानंतर भिंग उजेडासमोर धरून पाहावे. पावसाळ्यातील दमट हवा पेटीत कोंडली गेली, म्हणजे भिंगावर बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. बुरशी थोडी असेल तर चित्र फारसे बिघडत नाही. जास्त असेल तर ताऱ्यांभोवती धुके पसरल्यासारखे दिसते. भिंग शर्टाच्या टोकाने कधीही पुसू नये. कारण धुळीचे कण काचेवर कायमचे ओरखडे पाडतात. धूळ मऊ ब्रशाने झाडावी आणि आतील बुरशी काढण्याचे काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

मग कॅमेऱ्याचे मागील झाकण उघडावे. त्याच्या कडांना उजेड आत शिरू नये म्हणून स्पंज किंवा लोकर लावलेली असते. स्पंज काळाने चिकट होऊन गळू लागतो. तो बदलावा लागतो. शेवटी शटर तपासावे. बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांच्या चकतीवर ‘बी’ असे एक अक्षर असते. चकती तेथे ठेवली, म्हणजे बटण दाबून धरीपर्यंत शटर उघडे राहते. आकाशाच्या छायाचित्रणात सर्वांत महत्त्वाचे अक्षर हेच. अनेक जुन्या कॅमेऱ्यांत ही क्रिया केवळ कमानीवर चालते. तिला बॅटरी लागत नाही. बटणाला एक लवचिक तार जोडता येते. तारेने बटण दाबले, म्हणजे हाताचा धक्का कॅमेऱ्याला बसत नाही.

फिल्म आजही मिळते, पण पूर्वीसारखी प्रत्येक गावात मिळत नाही, आणि ती धुवून देणारी दुकानेही थोडी उरली आहेत. म्हणून फिल्मवरील एकेक चौकट विचाराने खर्चावी लागते. पहिली चौकट दिवसा, घराच्या किंवा झाडाच्या छायाचित्रासाठी वापरावी. रात्रीच्या चौकटी धुतल्यावर बहुतेक काळ्या आकाशाच्याच असतात. एखादे स्पष्ट चित्र आरंभी असले, म्हणजे फिल्म कोठे कापावी हे कारागिराला समजते. जिला फिल्म मिळत नाही, तिला जुने भिंग योग्य कडे लावून नव्या डिजिटल कॅमेऱ्यावरही बसविता येते.

रात्री कॅमेरा भक्कम तिपाईवर ठेवून उत्तरेकडे वळवावा. हिंगोलीचे अक्षांश सुमारे वीस आहेत. म्हणून तेथे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे वीस अंश वर दिसतो. हात सरळ पुढे करून मूठ धरली, म्हणजे तिची रुंदी अदमासे दहा अंश भरते. क्षितिजावर एकावर एक अशा दोन मुठी मोजल्या, की ध्रुव सापडतो. भिंग अनंत अंतरावर लावावे, शटर उघडावे आणि तासभर कॅमेऱ्याला हात लावू नये. थंडीत भिंगावर दव जमते, म्हणून त्याभोवती एक कोरडे फडके गुंडाळून ठेवावे.

अशा चित्रात तारे ठिपक्यांसारखे दिसत नाहीत. प्रत्येक तारा एक वर्तुळखंड काढतो आणि सर्व खंड ध्रुवाभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. वास्तविक तारे फिरलेले नसतात. पृथ्वी फिरलेली असते. ती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पुरी करते, म्हणजे तासाला सुमारे पंधरा अंश. चित्रातील कोणताही खंड कोनमापकाने मोजला, तर शटर किती वेळ उघडे होते हे सांगता येते. अचल म्हणून प्रसिद्ध असलेल्या ध्रुवानेही त्या चित्रात एक इवलासा खंड काढलेला असतो, कारण तो आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. पृथ्वीचे फिरणे पुस्तकात वाचणे निराळे आणि आपल्या शिवारात घेतलेल्या चित्रात ते मोजणे निराळे.

मृगातील तेजोमेघाचे चित्र घ्यावयाचे असेल, तर आणखी एक अडचण येते. त्याच्यासाठी काही मिनिटे प्रकाश साठवावा लागतो. परंतु तेवढ्यात पृथ्वी फिरते आणि चित्र फरफटते. साध्या भिंगाने वीस सेकंदांच्या आसपासच तारे लांबट होऊ लागतात. मोठ्या वेधशाळांत ह्यासाठी घड्याळासारखी यंत्रे असतात. हौशी निरीक्षकांनी मात्र दोन फळ्या व एक बिजागरी घेऊन हे काम साधले आहे. दोन फळ्या पुस्तकाप्रमाणे बिजागरीने जोडतात. बिजागरीची रेषा ध्रुवाकडे रोखतात. हिंगोलीत त्यासाठी ती आडव्यापासून फक्त वीस अंश उचलावी लागते. बिजागरीपासून २२९ मिलिमीटर अंतरावर असा स्क्रू बसवितात, की जो एका फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे सरकतो. तो मिनिटाला एक फेरा ह्या गतीने फिरविला, की वरची फळी पृथ्वीच्या वेगानेच, पण उलट दिशेने उघडत जाते आणि तिच्यावरील कॅमेरा ताऱ्यांबरोबर चालू लागतो. गावचा सुतार असे यंत्र एका दुपारी करून देऊ शकेल. घड्याळाच्या काट्याकडे पाहत पाच मिनिटे स्क्रू फिरविणे, एवढेच मग उरते.

पहिल्या खेपेस चित्र चांगले येतेच असे नाही. कधी भिंग नीट लागलेले नसते, कधी रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाचा झोत चौकटीत शिरतो, तर कधी मुदत संपलेली फिल्म सगळीच करडी निघते. अशा प्रत्येक रात्रीची तारीख, वेळ, भिंगाचे छिद्र आणि चूक वहीत लिहून ठेवावी. तीच चूक दुसऱ्यांदा होणार नाही, एवढा लाभ त्या वहीतून निश्चित होतो. आणि एके दिवशी धुवून आलेल्या फिल्मवर तिकांड्याच्या दक्षिणेस एक धूसर, पसरलेला डाग दिसतो. ताऱ्यासारखा तो टोकदार नसतो. ज्या मेघाचा प्रकाश नायगामवालांनी पुण्यात तपासला होता, तोच हा असतो. मधली सव्वाशेहून अधिक वर्षे त्याच्या हिशेबी काहीच नसतात.

आता हिंगोली जिल्ह्यातही आकाशाच्या अभ्यासाचे एक अत्यंत मोठे साधन येऊ घातले आहे. औंढा नागनाथ परिसरात ‘लायगो-इंडिया’ हा प्रकल्प उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तेथे प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीमुळे अवकाशात उठणाऱ्या लहरी त्या टिपतील. ह्या साधनाला उजेड नव्हे, तर जमिनीची शांतता हवी असते. त्याच परिसरातील अंधार मात्र ताऱ्यांचे छायाचित्र घेणाऱ्याला हवा असतो. पांढऱ्या प्रखर दिव्यांना वरून झाकण घातले, उजेड हवा तेथेच, म्हणजे खाली पाडला, तर हा अंधार पुढील पिढ्यांसाठीही राखता येईल.

मोठी साधने पैशाने उभी राहतात, परंतु ती चालती ठेवण्यास माणसे लागतात. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याला दुर्बीण मिळाली. तिच्यामागे उभा राहणारा दुसरा जिज्ञासू मात्र वेळेवर मिळाला नाही, म्हणून ती चाळीस वर्षे पडून राहिली. औंढ्याच्या भुजा उद्या लहरी टिपू लागतील, तेव्हा त्यांची नोंद समजून घेणारे डोळे ह्याच मातीतून यावयास हवेत. त्यांचा अभ्यास आजही आरंभता येतो. माळ्यावरची पेटी खाली उतरवावी, तिच्यावरील धूळ झाडावी, आणि अमावास्येची वाट पाहावी.